दोन ब्रेकची गाडी

२०२०च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नमध्ये रात्रीचा कर्फ्यू लागला आणि त्याच आठवड्यात तिथल्या ट्रुगानिना उपनगरातल्या चित्रलेखा धारपच्या गाडीने मान टाकली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण ते चित्रलेखाला कुणी पटवू शकलं नसतं. गाडी बारा वर्षांची, पांढरी हॅचबॅक, पुढेमागे शिकाऊ ड्रायव्हरच्या पिवळ्या 'एल'च्या पाट्या. अकरा वर्षं तिने परक्या माणसांची भीती, घाम आणि अवेळी दाबलेला ॲक्सिलरेटर निमूट सोसला होता. लॉकडाउनमध्ये ड्रायव्हिंगचे क्लास बंद झाले, गाडी ड्राइव्हवेत नुसती उभी राहिली आणि काम सुटल्यावर पुष्कळ कर्त्या माणसांचं होतं तसं तिचं झालं. मेकॅनिक मास्कच्या आडून म्हणाला की गिअरबॉक्स गेला आहे आणि तो बदलण्यापेक्षा गाडी बदलणं स्वस्त पडेल. चित्रलेखाने पाच मिनिटं दुःख केलं. सहाव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं, आता नवी गाडी घ्यावीच लागणार. तिच्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

चित्रलेखा एकोणपन्नास वर्षांची. ठाण्यात ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. ऑस्ट्रेलियात आल्यावर इथल्या केमिस्ट्रीचं तिच्यावाचून काही अडलेलं नाही, अशा अर्थाची नम्र पत्रं तीन ठिकाणांहून आली आणि गाडीच्या परीक्षेत ती चार वेळा नापास झाली. पाचव्यांदा पास झाल्यावर तिने शांतपणे विचार केला. ज्या विषयात आपण इतक्या वेगवेगळ्या प्रकारांनी नापास झालो, त्या विषयाचा आपल्याइतका अभ्यास या भागात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. तिने इन्स्ट्रक्टरचा कोर्स केला. तेव्हापासून, नवऱ्याकडून गाडी शिकताना ज्यांचा संसार धोक्यात आला होता अशा सगळ्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या.

त्यांतलीच एक लूसी तुस्कानो. वसईची, चोपन्न वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये कामाला. नवरा ऑगस्टिन तिला रोज गाडीने तिथे सोडायचा. चित्रलेखाला ती 'टीचर' म्हणायची आणि त्याच वाक्यात 'तू'ही म्हणायची. मार्चपर्यंत ती तीन वेळा नापास झाली होती. गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"टीचर, ऑगस्टिनच्या डोळ्यांचं सांगितलं डॉक्टरने. डिसेंबरअखेर परत तपासणार. पण म्हणाला, तेव्हा लायसन्स जाणार असंच समजून चला."

"अगं, मग तुला कामावर कोण सोडणार?"

"तेच तर. सकाळी साडेसहाची शिफ्ट आणि रविवारी पहिली बस आठला. मॅनेजरला सांगितलं, तर ती म्हणाली, नो वरीज, लूसी. ती नो वरीज म्हणाली ना, की माझी वरी सुरू होते. मागच्या वेळी ज्या बाईला असं म्हणाली, तिला आता शिफ्टच मिळत नाही."

"परीक्षा उघडल्या की पहिली तारीख तुझी. हे वर्ष संपायच्या आत तुझ्या हातात लायसन्स."

"आणि गाडी? ती तर मेली म्हणे."

"नवी येतेय," चित्रलेखा म्हणाली. ही गोष्ट तोवर तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती.

नवी गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही असणार, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे मुळात हॅचबॅकच, फक्त टाचा उंच करून उभी राहिलेली. पण त्या टाचांमुळे दिवसातून सोळा वेळा चढउतार करणाऱ्या गुडघ्यांना बरं वाटतं, आणि पाच फुटांच्या आतल्या बाईला बॉनेटपलीकडे रस्ता आहे हे समजतं. ती स्वस्तातली हवी, कारण चित्रलेखाची कमाई या वर्षात जवळजवळ थांबली होती. आणि क्लास उघडायच्या आत दारात हवी, म्हणजे लूसीला सराव मिळेल.

नवऱ्याचं नाव रविंद्र. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. साथीत बाकीचे नवरे घरी बसून केळ्याचे केक करत होते. रविंद्रने दोन दिवसांत नऊ गाड्यांची एक्सेल शीट केली, चौतीस निकषांसकट, आणि प्रत्येक निकषाला गुण ठेवले. शीट उघडताना त्याचा चेहरा असा खुलला की चित्रलेखाला वाटलं, याला आपण लग्नातही इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"सनरूफला तीन गुण कशाला?"

"लोकांना आवडतं, चित्रा."

"माझ्या गाडीतले लोक वर बघायला लागले तर आम्ही दोघी मरू."

"बरं, हे बघ. लेन सुटायला लागली की ही गाडी आपणहून स्टिअरिंग वळवते. पाच गुण."

"मग शिकणारी काय करेल?"

रविंद्रने विचार केला. "ती आरामात बसेल."

"आरामात बसायला ती सोफ्यावर बसेल ना. मला तासाचे पैसे कशाला देईल?"

शीटवर कळणार तरी किती? गाडी चालवून बघायला हवी होती, पण शोरूम बंद होत्या. गाडी ऑनलाइन विकत घेता येत होती, हात लावून बघता येत नव्हती. म्हणजे चपला घ्या, पण पाय घालू नका. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं आणि व्यायामासाठी रोज एक तास बाहेर पडायचं, असा सरकारी हुकूम होता. चित्रलेखाने नकाशावर ते पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहिलं, आणि तिचे डोळे चमकले. त्या वर्तुळात तिच्या हाताखाली शिकलेली निदान सव्वाशे माणसं राहत होती, आणि शीटमधल्या नऊच्या नऊ गाड्या त्यांच्या ड्राइव्हवेत धूळ खात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती मास्क लावून, खिशात मोजपट्टी आणि वही घालून व्यायामाला निघाली. आदल्या दिवशी मेसेज जायचा: उद्या अकरा वाजता गाडी गॅरेजमधून रिव्हर्स काढ, मी फुटपाथवरून बघते. कधीच्याच पास झालेल्या बायका रात्रभर अस्वस्थ व्हायच्या. आपण आपल्याच घरी, आपल्याच गाडीत पुन्हा नापास होणार की काय, असं त्यांना वाटायचं. एकीने तर गाडी धुऊन ठेवली.

पहिल्या आठवड्यातच चित्रलेखाला कळलं की गाडीबद्दल मालकाला विचारणं फुकट आहे. जिने जी घेतली, तिच्या मते तीच गाडी ऑस्ट्रेलियात सर्वोत्तम होती. गाडीबद्दल तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या अकलेविरुद्ध साक्ष देणं, आणि ते हप्ते फिटेपर्यंत कुणी करत नाही. खरी माहिती मिळाली ती सासवांकडून. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकून पडलेल्या सासवा त्या काळी ट्रुगानिनात घरोघर होत्या. त्यांनी हप्ते भरलेले नव्हते.

मधू नावाच्या जुन्या विद्यार्थिनीकडे ती गेली, तेव्हा मधू खिडकीची काच खाली करून म्हणाली, "ताई, डोळे मिटून घ्या ही गाडी. काही प्रॉब्लेमच नाही."

गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून तिच्या सासूबाई शोभाताई बसल्या होत्या. "नाही कसा? मागे बसलं की काच माझ्या खांद्याच्या वर. मला नुसतं आभाळ दिसतं. नाशकाहून एवढ्या लांब मी आभाळ बघायला आले का?"

"आई, त्यांना ड्रायव्हिंगचं हवंय."

"ड्रायव्हिंगचंच सांगते. गाडीच्या मागच्या दोन काचांमधला खांब बघा केवढा जाड आहे. रिव्हर्स घेताना हिला डावीकडचं काही दिसत नाही. परवा कचऱ्याचा डबा पाडला, पिवळ्या झाकणाचा."

"आई!"

"पाडला की नाही? शेजारच्यांचा होता."

"ताई, पण चढायला सोपी आहे," मधू घाईने म्हणाली.

"चढायला सोपी आहे," शोभाताईंनी कबूल केलं. "उतरताना पाय जमिनीला लागेपर्यंत देवाचं नाव घ्यावं लागतं. पण डिक्की चांगली. कणकेच्या दोन गोणी आडव्या बसतात."

चित्रलेखाने वहीत लिहिलं: खांब जाड, डबा. उतरणे मध्यम. डिक्की दोन गोणी.

तीन आठवड्यांनी वही भरली. एका दुपारी ती वही आणि रविंद्रची शीट शेजारी ठेवून बसली आणि हळूहळू तिच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. शीटमध्ये जे जे गुण म्हणून मांडलं होतं, ते ते तिच्यासाठी अवगुण होतं. बाजूला गाडी आली की आरशात दिवा लागतो, म्हणजे शिकणारी मान वळवून बघायचं सोडून देणार. गाडी स्वतः पार्क होते, म्हणजे ही बाई परीक्षेत हात जोडून बसणार. आणि हँडब्रेक. महागड्या मॉडेलांत हँडब्रेकच्या जागी एक नाजूक बटण होतं. अकरा वर्षांत चित्रलेखाचा जीव निदान सहा वेळा दोन सीटांच्या मधल्या त्या ओबडधोबड दांड्याने वाचवला होता. आणीबाणीत माणूस दांडा ओढतो, बटण शोधत नाही. शिवाय इन्स्ट्रक्टरच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून देणारा माणूस मेलबर्नच्या पश्चिम भागात एकच, आणि त्याच्याकडे नऊपैकी चारच गाड्यांना बसेल असं पेडल होतं.

तिने शीट खालून वर वाचायला घेतली. सगळ्यात तळाला, चौतीस निकषांत सगळ्यात कमी गुण मिळवलेलं, सगळ्यात स्वस्त गाडीचं बेस मॉडेल होतं. सनरूफ नाही, आरशात दिवे नाहीत, मधे दांडा, आणि पेडल उपलब्ध. अवगुण म्हणावा असा एकच, मागचा खांब जाड. मधूच्या गाडीपेक्षाही जाड.

"रवी!" ती ओरडली. "तुझी शीट ग्रेट आहे! फक्त उलटी धरायची!"

रविंद्रला हे कौतुक कसं घ्यावं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिने फोन लावला तो ल्यूक नावाच्या सेल्समनला. पाच महिने घरून गाड्या विकून तो माणसांच्या आवाजाला भुकेला होता. त्याने तिला आधी वरचं मॉडेल सुचवलं, मग त्याच्याही वरचं. चित्रलेखा दर वेळी विचारायची, त्यात दांडा आहे का? ल्यूकने शेवटी हळूच विचारलं की मॅडम, तुम्हाला सेफ्टी फीचर नको आहेत का? ती म्हणाली, "मेट, सेफ्टी फीचर मी आहे." मग तो म्हणाला की बेस मॉडेलला चार महिने वेटिंग आहे, पण एक गाडी यार्डात पडून आहे. रंगामुळे कुणी घेत नाही. कंपनी त्या रंगाला सूर्यास्त म्हणते.

प्रत्यक्षात तो झेंडूचा रंग होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा ब्रेक बसवून, गाडी दारात आली. शोरूमचा ड्रायव्हर चावी बॉनेटवर ठेवून, मागे सरून, हात हलवून निघून गेला. चित्रलेखाने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हळदीकुंकू वाहिलं. ठरल्याप्रमाणे लूसी दीड मीटरवर उभी होती. तिने पर्समधून चर्चमधल्या तीर्थाची छोटी बाटली काढली आणि तितक्याच अंतरावरून नेमका बॉनेटवर शिडकावा केला.

"टीचर, गाडी म्हणजे अगदी आग आहे गं!"

"दिसायला हवी ना लोकांना. आपण येतोय हे त्यांना कळलं की ते बाजूला होतील."

क्लास उघडले. लूसीला परीक्षेची तारीख मिळाली सतरा डिसेंबर. त्यात नापास झाली तर पुढची थेट मार्चअखेर, कारण सहा महिने तुंबलेल्या परीक्षांची रांग होती. आता लूसी तीन वेळा नापास कशी झाली ते सांगायला हवं. लायसन्सच्या ऑफिसातून निघालं की तिसऱ्या वळणावर एक चर्च होतं, वर उंच क्रूस असलेलं, आणि परीक्षेची गाडी त्याच्यासमोरून डावीकडे वळत असे. वसईत लूसीच्या घरापासून बाजारापर्यंत अकरा क्रूस होते. क्रूस दिसला की तिचा उजवा हात आपोआप कपाळाकडे जायचा. हात उचलायला तिला विचार करावा लागत नसे, तो थांबवायला लागायचा, आणि तेवढा वेळ वळणावर नसायचा. तीन ऑफिसरांनी तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा मारला होता: हात स्टिअरिंगवरून काढला, वळताना खांद्यावरून मागे पाहिलं नाही.

"त्या वेळी चर्चकडे बघूच नकोस," चित्रलेखा सांगायची.

"मी नाही बघितलं तरी चर्च बघतंय ना, टीचर."

नव्या गाडीने या बाबतीत आणखी घोळ केला. सीट उंच असल्यामुळे लूसीला चर्च आता शंभर मीटर आधीच दिसायला लागलं. हा मुद्दा चौतीस निकषांत नव्हता. आणि मागचा खांब इतका जाड की मान पूर्ण वळवल्याशिवाय डावीकडे सायकलवाला आहे की ट्राम, काही कळू नये. पहिल्या तीन धड्यांत हात तीनदा सुटला. चित्रलेखा रात्री पुन्हा शीट उघडून बसली. आपण खालून वर वाचून चुकीची गाडी घेतली की काय?

चौथ्या धड्याला तिने गाडी रस्त्याच्या कडेला लावायला सांगितली आणि शंभराव्यांदा समजावू लागली. केमिस्ट्री शिकवायची तेव्हापासून तिला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नसे.

"नीट बघ. आधी वरचा आरसा." तिने बोट कपाळाशी नेलं. "मग खाली स्पीड." बोट छातीपाशी आलं. "मग डावा खांदा. मग उजवा खांदा. मगच वळायचं. वर, खाली, डावा, उजवा. किती सोपं आहे!"

लूसी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"टीचर, तू क्रूस काढलास."

"काय?"

"पुन्हा कर."

चित्रलेखाने पुन्हा केलं. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाजूने एक ट्रक हॉर्न देऊन गेला, पण त्यांना पत्ताच नव्हता.

"लूसी," चित्रलेखा जपून म्हणाली, कारण हा तिचा विषय नव्हता, "हाताऐवजी डोळ्यांनी काढला तर चालतो का?"

लूसीने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "आमच्या होममध्ये एक मार्गारेट आहे. लकवा मारलाय. हात उचलत नाही, बोलता येत नाही. रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर उभी राहते, तेव्हा ती डोळ्यांनीच काढते. वर, खाली, इकडे, तिकडे. तिचा पोचतो ना? मग माझा का नाही पोचणार?"

"तुझे हात मात्र स्टिअरिंगवर."

"हात स्टिअरिंगवर. दहा आणि दोन." लूसीने गाडी सुरू केली. "चल टीचर, परत एकदा चर्चला जाऊ!"

त्या दुपारी दोघी त्या चर्चला नऊ वेळा गेल्या. नवव्या वेळी बागेत पाणी घालणाऱ्या माणसाने हात केला. त्यानंतरचे पंधरा दिवस लूसी प्रत्येक वळणावर, प्रत्येक सिग्नलला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येसुद्धा डोळ्यांनी क्रूस काढत होती. खांब जाड होता, त्यामुळे मान पुरती वळवावी लागे, आणि मान वळवल्याने क्रूस कसा ऐसपैस निघे. इतकी भाविक आणि इतकी सावध ड्रायव्हर चित्रलेखाच्या हाताखालून आजवर गेली नव्हती.

सतरा डिसेंबरला सगळ्या काचा उघड्या, तिघींच्या तोंडाला मास्क. ऑफिसरबाई नियमाप्रमाणे मागच्या सीटवर, चित्रलेखा पुढे डावीकडे. तिने आपल्या पायाशी असलेल्या ब्रेकला नुसता स्पर्श केला तरी लूसी नापास. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. चर्च दिसायला लागलं. चित्रलेखाला रस्ता दिसेनासा झाला. तिला फक्त लूसीचा उजवा हात दिसत होता. हाताची बोटं किंचित उचलली गेली. बोटं परत टेकली.

लूसीचे डोळे वर गेले, खाली आले, मग तिने मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि तिथेच थबकली. गाडी अलगद थांबली. त्या जाड खांबामागून एक सायकलवाला बाहेर आला, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी पेटी, कानात गाणी, आणि मजेत सरळ निघून गेला. लूसीने मग उजवा खांदा पुरा केला आणि वळली.

सायकलवाला चित्रलेखाने पाहिलाच नव्हता. अकरा वर्षांचा अनुभव असलेलं या गाडीचं सेफ्टी फीचर तेव्हा एका हाताकडे बघत बसलं होतं.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी कागदावर बराच वेळ लिहिलं. मग मान वर करून म्हणाल्या की पास. आणि पुढे म्हणाल्या, इतकं व्यवस्थित चारी बाजूंना बघणारी माणसं आम्हाला क्वचित मिळतात. कुठे शिकलात हे?

"घरी," लूसी म्हणाली. "लहान असताना."

बाईंनी चित्रलेखाकडे पाहिलं. चित्रलेखाने मान डोलावली. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर लूसीने मास्क हनुवटीखाली ओढला, खळखळून हसली, चित्रलेखाला मिठी मारायला धावली, नियम आठवून मधेच थांबली, आणि शेवटी त्या झेंडूच्या बॉनेटलाच मिठी मारली. मग ऑगस्टिनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"झालं काय?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"झालं! पास! 'एल'ची पाटी जाऊन हिरवं 'पी' लागणार मला! ऐक, तुझ्या गाडीची चावी काढून ठेव. रविवारी पावणेसहाला निघायचंय मला."

मग ऑगस्टिन म्हणाला, "मी येऊ सोबत? पहिल्याच दिवशी एकटी..."

"तू झोप," लूसी म्हणाली. "सात वर्षं उठतोयस माझ्यासाठी. आता झोप."